बडोद्यातील छोट्या मराठी ग्रंथालयाने नवी ललितेतर पुस्तके कशी निवडावीत

बडोद्यातील एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाच्या कार्यवाह बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कथा, कादंबरी, कविता आणि नाटक वगळून इतर, म्हणजे ललितेतर, नव्या पुस्तकांसाठी त्यांच्या ग्रंथालयाकडे यंदा 40,000 रुपये आहेत. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या घरातील तरुण मंडळी ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत. मागील खेपेस घेतलेल्या माहितीपर आणि वैचारिक पुस्तकांपैकी पुष्कळशी कपाटातून एकदाही बाहेर गेलेली नाहीत. तेव्हा या वेळी नेमकी कोणती पुस्तके घ्यावीत, याची यादी त्यांना हवी आहे. मी या शहरात अनेक वर्षे ग्रंथपालाचे काम केले असल्याने हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर देतो.

तयार यादी मी देणार नाही. पुण्यातील एखाद्या ग्रंथालयाने वर्षभरातील उत्तम म्हणून निवडलेली पुस्तके खरोखर उत्तम असतातही. पण ती त्या ग्रंथालयाच्या वाचकांकडे पाहून निवडलेली असतात. कादंबरी वाचक लेखकाचे नाव पाहून उचलतो, ललितेतर पुस्तक मात्र तो बहुधा मनात एखादा प्रश्न असतो म्हणून उचलतो. तो प्रश्न ग्रंथालयाला ठाऊक नसेल, तर प्रकाशकाच्या सूचीपत्रावर खुणा करून मागवलेले पुस्तक कितीही चांगले असले तरी त्याची आणि वाचकाची गाठ पडत नाही. तुमची पुस्तके पडून राहिली याचे कारण मला वाचकांच्या उदासीनतेपेक्षा खरेदीच्या या पद्धतीत दिसते.

म्हणून खरेदीला लागण्यापूर्वी देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. बहुतेक ग्रंथालयांत मागणीची वही असते, पण तिच्यात 'कोणते पुस्तक हवे' असा रकाना असतो आणि त्यात वर्तमानपत्रात नुकतीच वाचलेली चार नावे येतात. तुमच्या वहीत 'कशाविषयी जाणून घ्यायचे आहे' एवढाच रकाना ठेवा, आणि सभासदाने स्वतः लिहावे अशी अपेक्षा न ठेवता टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीने बोलता बोलता ते टिपून घ्यावे. बडोद्याच्या मराठी घरांतून कोणते प्रश्न येतात, ते मी पाहिले आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी की थांबावे, रत्नागिरीकडच्या वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा वाटा किती, नातवाला चांद्रयानाविषयी काय सांगावे, आपले पूर्वज गायकवाडांच्या कोणत्या स्वारीबरोबर इकडे आले असतील, गच्चीवर भाजी कशी लावावी, आईचा विसरभोळेपणा म्हणजे नुसते वय की आजार. दोन-तीन महिने अशी नोंद केली की आठ-दहा विषय आपोआप वर येतात, आणि 40,000 रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कोठे खर्चावी हे त्या वहीतूनच कळते.

वाचकाला विचारून ग्रंथालय चालवण्याची रीत बडोद्याला नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे करण्यास आरंभ केला, तेव्हा गावातील ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. गावाने स्वतःचा वाटा उचलायचा असल्यामुळे तेथे काय वाचले जाईल, याचा विचार गावालाच करावा लागे. शिवाय पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवणारी फिरती ग्रंथालये होती. देशी भाषांत चांगली पुस्तके तयार व्हावीत म्हणून महाराजांनी स्वतंत्र निधी काढला, आणि त्यातून निघालेल्या श्री सयाजी साहित्यमालेत विज्ञान, इतिहास, आरोग्य, समाजशास्त्र असे विषय मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत आले. कथेबाहेरचे ज्ञान सामान्य माणसाला त्याच्याच भाषेत मिळाले पाहिजे, हा आग्रह या शहरात शंभर वर्षांहून जुना आहे, आणि आपल्या छोट्या ग्रंथालयांनी तो पुढे चालवला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता पैशांचा हिशोब. आज चांगल्या छपाईच्या ललितेतर मराठी पुस्तकाची किंमत सरासरी 400 रुपये धरली आणि विक्रेत्याने 20 टक्के सवलत दिली, तर 40,000 रुपयांत साधारण 125 पुस्तके येतात. मुंबई-पुण्याहून मागवण्याचा खर्च, कव्हर आणि बाइंडिंग धरले तर 110. ही सर्व खरेदी एका दमात करू नका. मराठीत पुस्तकांची मोठी आवक दिवाळीच्या आसपास आणि नंतर हिवाळ्यातील संमेलने व ग्रंथप्रदर्शने यांच्या सुमारास होते, त्यामुळे एक तृतीयांश रक्कम जानेवारीपर्यंत हाती ठेवावी. मार्चअखेर उरलेले पैसे संपवण्यासाठी जे मिळेल ते उचलणे हे ग्रंथालयातील पडीक पुस्तकांचे फार मोठे कारण आहे, म्हणून राखून ठेवलेल्या रकमेतून काय घ्यायचे याचा कच्चा आराखडा डिसेंबरातच करून ठेवावा.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ललितेतर पुस्तकांचे आयुष्य विषयागणिक वेगळे असते, आणि 'नवीन' हा निकष सर्व विषयांना सारख्याच कडकपणे लावता येत नाही. काही विषयांत पाच वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचकाचे नुकसान करू शकते, तर काही विषयांत पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही पहिल्या रांगेत बसते.

कायद्याचे उदाहरण घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले आणि 1860 चा दंडविधान, 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता व 1872 चा पुरावा कायदा हे मागे पडले. त्यापूर्वी छापलेल्या 'सर्वांसाठी कायदा' या धाटणीच्या पुस्तकांतील कलमांचे क्रमांक आज चालत नाहीत. ग्राहक संरक्षणाचा 1986 चा कायदा जाऊन 2019 चा आला. प्राप्तिकराच्या 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलींच्या हक्कांबाबत 2005 ची दुरुस्ती झाली खरी, पण ती लागू होताना वडील हयात असावे लागतात की नाही, याविषयीची संदिग्धता सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2020 च्या निकालाने संपली. वडील हयात असण्याची अट नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याचा अर्थ असा की 2018 साली छापलेले वारसाहक्काचे पुस्तक तुमच्या कपाटात असेल आणि एखाद्या बाईने ते वाचून आपला वाटा नाही असा समज करून घेतला, तर त्याची जबाबदारी आपल्यावरही येते. अशा विषयांत थोडी पण अगदी ताजी पुस्तके घ्यावीत, आणि जुनी त्याच दिवशी कपाटातून काढावीत.

आरोग्याचेही तसेच आहे. औषधे, तपासण्या आणि शस्त्रक्रियेच्या पद्धती बदलत असल्याने मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश या विषयांवरील पुस्तक पाच-सात वर्षांहून जुने असल्यास मी नव्याने घेणार नाही. येथे लेखकाची पात्रता पाहणे अटळ आहे. त्या आजाराचा वैद्य स्वतः लिहितो आहे की कोणी संकलन केले आहे, हे मलपृष्ठावरील परिचयात स्पष्ट असले पाहिजे. एका आहाराने किंवा एका रसाने सर्व रोग जातात असे सांगणारी पुस्तके तुमच्याकडे कितीही मागितली गेली तरी घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. वाचकाच्या मागणीचा मान राखणे आणि वाचकाच्या जिवाची काळजी घेणे यांत निवड करायची वेळ आली, तर ग्रंथपालाने दुसरी बाजू घ्यावी.

विज्ञानात थोडा सावकाश, पण निश्चित बदल होतो. 2006 मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून बटुग्रहांत गेला. गुरुत्वीय लहरींचा वेध 2015 मध्ये लागला आणि 2016 मध्ये जाहीर झाला. चांद्रयान-3 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. नऊ ग्रह सांगणारे पुस्तक नातवाच्या हाती पडले तर तो आजोबांच्या ग्रंथालयाकडे पुन्हा वळणार नाही. प्राचीन भारताच्या इतिहासातही, जेथे आपण बदलाची अपेक्षा करत नाही, तेथे प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने चर्चेची दिशा बदलली आहे. राखीगढी येथील सांगाड्यावरील संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सिंधू संस्कृतीविषयी त्यापूर्वी लिहिलेली पुस्तके मोलाची असली तरी आज अपुरी आहेत. अशा जुन्या पुस्तकांना काढून टाकू नये. त्यांच्या शेजारी एक नवे पुस्तक मात्र अवश्य ठेवावे.

याउलट आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, पत्रसंग्रह, संपादित मूळ कागदपत्रे, संगीत आणि चित्रकला यांवरील जाणत्यांचे लेखन हे सहज शिळे होत नाही. या विभागात पुस्तक यंदा निघाले की वीस वर्षांपूर्वी, याला मी फारसे महत्त्व देत नाही. तुमच्या वाचकाने ते पाहिलेले नसेल तर ते त्याच्यासाठी नवेच आहे. पैसे थोडे असतील तेव्हा असे टिकाऊ पुस्तक निवडणे शहाणपणाचे असते.

पुस्तक हाती घेऊन दहा मिनिटांत कसे पारखावे, हे आता सांगतो. पहिल्यांदा मुखपृष्ठ बाजूला ठेवून आतील प्रकाशनाच्या नोंदीचे पान पाहावे. पहिली आवृत्ती कोणत्या वर्षी निघाली, हाती असलेली प्रत नवी सुधारित आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण, हे तेथे कळते. नव्या मुखपृष्ठासह आलेले जुने पुस्तक नवे समजून घेण्याचे प्रसंग याच पानाकडे दुर्लक्ष केल्याने येतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले, त्यामुळे 1 जानेवारी 2011 पासून त्यांचे लेखन कोणालाही छापता येते, आणि अनेकांनी ते छापलेही आहे. अशा लेखकांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त प्रत न घेता संपादकाचे नाव, मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि शुद्ध मुद्रण असलेली प्रत घ्यावी.

त्यानंतर पुस्तकाचा शेवट उघडावा. संदर्भसूची आहे का, विषय-सूची (कोणता विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणारी शेवटची यादी) आहे का, इतिहासाचे पुस्तक असल्यास नकाशे आणि वंशावळ आहे का, हे पाहावे. मराठीत विषय-सूची देण्याची काळजी घेणारे प्रकाशक अजून थोडे आहेत, पण जे ती देतात त्यांच्या पुस्तकावर संपादकाचा हात फिरलेला आहे, असा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. मग आपल्याला पक्की माहिती असलेल्या विषयाचे एखादे पान शोधावे आणि तेवढेच नीट वाचावे. बडोदेकरांना मराठ्यांच्या इतिहासावरील पुस्तकासाठी ही परीक्षा फार सोपी आहे. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी 27 मे 1875 रोजी दत्तक घेतले, ते सयाजीराव म्हणून गादीवर आले, 6 फेब्रुवारी 1939 रोजी त्यांचे निधन झाले, आणि 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. एवढ्या ठळक गोष्टींत ज्या लेखकाची गफलत होते, त्याच्या इतर प्रकरणांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. दमाजी गायकवाड पानिपतावर होते, एवढा तरी उल्लेख 1761 च्या प्रकरणात असावा.

अनुवादित पुस्तकांबद्दल थोडे वेगळे पाहावे लागते. आज मराठी ललितेतर साहित्यात अनुवादांचा वाटा मोठा आहे आणि त्यांमुळे जगातील उत्तम विचार आपल्या वाचकांपर्यंत येतो, याचा मला आनंद आहे. मात्र मूळ पुस्तकाचे वर्ष, अनुवाद पूर्ण आहे की संक्षिप्त, मूळ टिपा आणि सूची ठेवल्या आहेत की वगळल्या, आणि अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर सन्मानाने दिले आहे का, हे तपासावे. नंतर मधले कोणतेही एक पान मोठ्याने वाचावे. वाक्य एका श्वासात कळले नाही आणि ते पुन्हा वाचावे लागले, तर सत्तर वर्षांचा वाचक ते पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आणून देईल. तुमच्या सभासदांत इंग्रजी सहज वाचणारे पुष्कळ असतील तर अशा वेळी मूळ इंग्रजी प्रत घेणे योग्य, आणि गुजराती अनुवाद अधिक सरस असेल तर तोही घेण्यात मला काही वावगे वाटत नाही.

काही प्रकारची पुस्तके मी घेत नाही. एखादी प्रसिद्ध व्यक्ती निवर्तली किंवा मोठ्या पदावर आली की पंधरा-वीस दिवसांत बाजारात येणारी चरित्रे, झटपट श्रीमंतीची आणि शेअर बाजारात हमखास यशाची पुस्तके, आणि लेखकाचा कसलाही परिचय नसलेली, ठिकठिकाणची माहिती एकत्र करून छापलेली संकलने ही त्यांतील प्रमुख होत. राजकीय आणि सामाजिक वादाच्या पुस्तकांविषयी माझा नियम असा आहे की, एका बाजूचे अभ्यासू पुस्तक घेतले तर दुसऱ्या बाजूचेही तितकेच अभ्यासू पुस्तक घ्यावे, आणि पुराव्याशिवाय नुसता द्वेष पसरवणारे पुस्तक कोणत्याच बाजूचे घेऊ नये. कार्यकारिणीतील सदस्यांनी किंवा त्यांच्या स्नेह्यांनी स्वतः छापलेली पुस्तके भेट म्हणून स्वीकारावीत, खरेदीच्या रकमेतून घेऊ नयेत. हा ठराव सभेत आधीच मंजूर करून ठेवला की कार्यवाहांना कोणाला व्यक्तिशः नकार देण्याची वेळ येत नाही.

नव्या पुस्तकांची खबर कशी ठेवावी, हेही विचारले जाते. 'साधना' साप्ताहिक, 'ललित' मासिक आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या यांतील परीक्षणे कात्रून एका फाइलमध्ये विषयवार लावावीत. राजहंस, मौज, पॉप्युलर, साधना, समकालीन, मनोविकास, रोहन, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थांची सूचीपत्रे मागवून ठेवावीत. प्रत्येकाचा ललितेतर विभागातील कल वेगळा आहे आणि दोन-तीन वर्षांत तो ध्यानात येतो. नॅशनल बुक ट्रस्टची मराठीतील विज्ञान आणि चरित्रविषयक पुस्तके किमतीला फार परवडणारी असतात. परंतु परीक्षणावर विसंबून सर्व पुस्तके टपालाने मागवू नयेत. वर्षातून एकदा कोणी सभासद पुण्यास किंवा मुंबईस जाणार असेल, तेव्हा त्यांच्याबरोबर वहीतील विषय लिहून द्यावेत आणि अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला एक दिवस खर्च करून पुस्तके प्रत्यक्ष पाहून आणावीत. जे फुकट उपलब्ध आहे त्यावर पैसे घालवू नयेत: मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ग्रंथालयातील संगणकावर ही दोन्ही दालने उघडून देण्याची व्यवस्था केली तरी वाचकांची मोठी सोय होते.

तुमच्या ग्रंथालयाने एक गोष्ट मात्र महाराष्ट्रातील ग्रंथालयांहून वेगळी केली पाहिजे, ती म्हणजे बडोद्याविषयीच्या पुस्तकांचे स्वतंत्र कपाट. या शहराचा मराठी इतिहास पुण्यात बसून गोळा होणार नाही. अरविंद घोष 1893 ते 1906 या काळात येथे होते; डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये येथे भरली. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड येथूनच प्रसिद्ध झाले. राजा रविवर्म्यांची चित्रे लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी रंगवली गेली. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीने महाराजा सयाजीरावांची भाषणे, पत्रे आणि चरित्रसाधने अलीकडे खंडशः प्रसिद्ध केली आहेत, ती मिळवावीत. चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि बडोद्याहून तासा-दीड तासावर आहे. जुलै 2025 मध्ये त्याच यादीत शिवकालीन बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. किल्ल्यांवरील पुस्तकांची मागणी त्यामुळे वाढलेली तुम्हाला जाणवली असेल. या कपाटात मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके भाषेप्रमाणे वेगळी न करता विषयाप्रमाणे एकत्र लावावीत.

तरुणांचा प्रश्न येथेच सुटायला लागतो. बडोद्यातील मराठी घरांतील मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, हिंदीमुळे देवनागरी वाचतात, पण तीनशे पानांचे मराठी पुस्तक त्यांना दडपून टाकते. त्यांच्यासाठी शंभर-दीडशे पानांची, छोट्या प्रकरणांची, ठळक टंकाची आणि चित्रे असलेली पुस्तके घ्यावीत: पक्षी, आकाश, किल्ले, क्रिकेटपटूंची चरित्रे, अर्थव्यवहाराची प्राथमिक ओळख. ठळक टंकाचा लाभ आजी-आजोबांनाही होतो. एकाच विषयावरील सोपे मराठी पुस्तक आणि सविस्तर गुजराती किंवा इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवले, तर मुलगा दुसऱ्यासाठी येतो आणि हळूहळू पहिलेही उचलतो. हे घडताना मी अनेक घरांत पाहिले आहे.

पुस्तके आल्यावर ती लावायची कशी, यावर त्यांचे वाचले जाणे बरेच अवलंबून असते. अनेक छोट्या ग्रंथालयांत पुस्तके दाखल क्रमांकाप्रमाणे, म्हणजे ती ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, लावतात. कादंबऱ्यांना ते एक वेळ चालते. ललितेतर पुस्तकांत मात्र हृदयरोगाशेजारी हरिश्चंद्रगड आणि त्याच्याशेजारी आयकर अशी सरमिसळ होते, आणि एका विषयाची चार पुस्तके चार कपाटांत विखुरतात. मेल्व्हिल ड्यूई यांनी 1876 मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणाचे पहिले तीन अंक वापरले तरी तुमचे काम भागेल: 340 कायदा, 520 खगोलशास्त्र, 610 वैद्यक, 635 बागकाम, 780 संगीत, 910 प्रवास, 920 चरित्रे, 954 भारताचा इतिहास. कपाटावर अंकाबरोबर विषयाचे नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे आणि वाचकांना कपाटापर्यंत मोकळेपणाने जाऊ द्यावे.

नवे पुस्तक पहिले तीन महिने कपाटात न घालता देवघेवीजवळच्या मांडणीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल असे उभे ठेवावे. प्रत्येक पुस्तकात एक छोटे कार्ड घालावे आणि त्यावर 'या पुस्तकात कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहेत' हे तीन-चार ओळींत लिहावे. वाचून झालेल्या सभासदाने हे कार्ड लिहिले तर अधिक चांगले. महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक घेऊन एखाद्या सभासदाने एका पुस्तकाचा परिचय करून द्यावा. निवृत्त अभियंते, शिक्षिका, परिचारिका, वकील अशी मंडळी तुमच्या सभासदांत निश्चित आहेत आणि आपल्या विषयाचे पुस्तक ती आनंदाने समजावून सांगतात. ज्यांचा प्रश्न वहीत लिहिला होता त्यांना पुस्तक आल्यावर फोन करून कळवावे. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा अशी दोन सूत्रे आहेत. छोट्या ग्रंथालयात ही दोन्ही त्या एका फोनने साधतात. ललितेतर पुस्तकांची मुदतही वाढवावी. कादंबरीला पंधरा दिवस पुरतात. चारशे पानांचे चरित्र वयस्कर वाचकाला महिनाभर लागते, आणि दंडाच्या धास्तीने अशी पुस्तके न्यायचीच नाहीत असे तो ठरवतो.

शेवटी जुन्या पुस्तकांविषयी, कारण नव्या पुस्तकांना जागा तेथूनच मिळते. दरवर्षी मे महिन्यात कायदा, कर, आरोग्य, संगणक आणि स्पर्धा परीक्षा हे विभाग तपासून कालबाह्य पुस्तकांची यादी करावी, ती कार्यकारिणीपुढे ठेवून निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तके नोंदीतून बाद करण्याचा, ठराव घ्यावा आणि दाखल नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर ठरावाची तारीख लिहावी. बडोद्यात छापलेले किंवा बडोद्याविषयीचे कोणतेही पुस्तक, त्याची स्थिती कशीही असली तरी, या यादीत घालू नये. ते आधी स्कॅन करून ठेवावे आणि दुसरी प्रत कोठे उपलब्ध आहे का, हे मध्यवर्ती ग्रंथालयात आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात पाहून मगच त्याचे काय करायचे ते ठरवावे. गेल्या खेपेची न उघडलेली पुस्तकेही लगेच बाद करू नका. त्यांच्यावर कार्डे लिहून ती तीन महिने नव्या मांडणीवर ठेवा, प्रश्नांच्या वहीशी ताडून पाहा, आणि तेवढ्यावरही जी हलली नाहीत ती एखाद्या शाळेच्या किंवा दुसऱ्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाला, त्यांनी मागितली तरच, द्या.